उपासाला चालणारा पाक

बाबांच्या उजव्या हाताचा अंगठा तर्जनीवर फिरू लागला तेव्हा गावाला वाटलं, भटजींचा जप वाढला. रस्त्यानं जाताना, यजमानाच्या ओसरीवर बसल्यावर, पंगतीत वाढपी येईपर्यंत, अंगठा आपला फिरतोच आहे. लोक आदरानं बघायचे. आईला मात्र ते पहिल्यापासून खटकलं, कारण जपाला तर्जनी लावत नाहीत. मणी ओढायचा तो मधल्या बोटावर. अर्ध्या अमरावतीच्या मुंजींत ज्यांनी बटूंना हे शिकवलं, ते स्वतः असं कसं करतील? एके दिवशी तिनं तो हात आपल्या मुठीत धरला. मुठीतही अंगठा फिरत राहिला.

डॉक्टरांनी त्या दुखण्याचं इंग्रजी नाव सांगितलं, वैद्यबुवांनी कंपवात म्हटलं. आमच्या घरात त्याला कुठलंच नाव नव्हतं, कारण घरात लग्नाची मुलगी होती. ती मी.

लढाईचे दिवस होते. साखर कंट्रोलची, रॉकेल कंट्रोलचं, आणि वऱ्हाडात चांगलं स्थळ म्हणजे तेही कंट्रोलचंच. अशात अकोल्याचं एक स्थळ जुळलं. सासरे वकील, मुलगा शाळेत मास्तर. बापाचा हात कापतो हे त्यांना कळलं तर घराण्यात रोग आहे म्हणतील, ही आईची धास्ती. बाबांची धास्ती वेगळी होती. त्यांना कन्यादान करायचं होतं, आणि हात न हलता करायचं होतं.

कन्यादानात वराच्या ओंजळीवर वधूची ओंजळ असते, वर बापाचा हात. आई झारीनं त्या हातावर पाण्याची धार धरते. धार बापाच्या हातावरून लेकीच्या ओंजळीत, तिथून जावयाच्या ओंजळीत आणि शेवटी खाली काशाच्या भांड्यात पडते. ती मध्ये तुटू द्यायची नाही. दुसऱ्यांच्या मांडवात पुरोहित म्हणून बसून बाबांनी कितीक बापांचे हात हललेले पाहिले होते आणि घरी येऊन त्यांच्या नकलाही केल्या होत्या. आता ते आठवून त्यांना झोप येत नसे. काकांनी सुचवलं, "दादा, मी बसतो पाटावर. शास्त्रात चालते." बाबा म्हणाले, "शास्त्र मले नको सांगू. लेक माही आहे."

डॉक्टर पुण्याकडचे होते. त्यांनी आधी थेंबांचं औषध दिलं, पण त्यात स्पिरीट असतं हे कुणीतरी सांगितलं आणि बाबांनी बाटली परत पाठवली. मग त्यांनी बेलाडोनाच्या गोळ्या दिल्या. गोळ्यांनी हात निम्मा शांत झाला, पण तोंडाला कोरड पडू लागली. मंत्र म्हणताना जीभ टाळूला चिकटायची. हात वाचवावा की वाचा, असा प्रश्न आला तेव्हा आई वैद्यबुवांकडे गेली.

वैद्यबुवांनी पुड्या दिल्या. खाजकुहिलीचं बी, मेळघाटातून आणून दुधात शिजवून सोललेलं, आणि आणखी दोन-चार जिनसा. तुपावर परतून खव्यात आणि साखरेत पाक करायचा, सकाळी सुपारीएवढी वडी दुधाबरोबर. डॉक्टरच्या गोळ्या चालू आहेत म्हटल्यावर ते म्हणाले, "असू द्या की. गोळी म्हणजे दवाई. हे तर खाणं आहे, ताकदीचं."

हे वाक्य आईनं मनात पक्कं धरलं. पुढच्या खेपेला डॉक्टरांनी विचारलं, "दुसऱ्या कुणाचं औषध चालू नाही ना?" तेव्हा ती अगदी खऱ्या मनानं म्हणाली, "नाही बापा, दुसऱ्याची दवाई कावून घेऊ?" ती खोटं बोलत नव्हती. आमच्याकडे डिंकाच्या लाडवाला कधी कुणी औषध म्हटलं होतं? जे कढईत होतं ते खाणं आणि जे बाटलीत येतं ते औषध, इतका सरळ तिचा हिशेब होता. बुंदीसाठी जमवलेली साखर तिनं पाकात घातली, आणि पाकानं खरंच गुण आला. बाबा उंबरठ्यावर अडखळेनात, आवाज जरा मोकळा झाला. आठ-पंधरा दिवसांत ते दाराशी उभे राहून भाजीवालीशी हुज्जत घालू लागले. मी इतकी सुखावले की मलाही वाटलं, देवानं ऐकलं.

लग्नाच्या दिवशी बाबांचा उपास होता. कन्यादान करणाऱ्यानं ते होईपर्यंत अन्न घ्यायचं नाही, आणि बाबा चहाही घेणार नव्हते. मुहूर्त दुपारचा, उन्हाळा वऱ्हाडचा. वऱ्हाडी मंडळी बडनेऱ्याला गाडी बदलून सकाळीच आली होती. त्यांच्या चहापाण्यात आई गुंतली होती, आणि तिच्या जीवाला एकच घोर की नवरा उपाशीपोटी पाटावर कोसळू नये. धान्य चालत नाही, चहा घेत नाहीत, मग काय द्यावं? तिला पाक आठवला. खवा, तूप, साखर आणि बी. धान्याचा कण नाही, उपासाला चालणारा. तिनं ताटलीभर वड्या पुढं ठेवल्या. बाबांनी आधी डॉक्टरांच्या गोळ्या घेतल्या आणि मग भूक भागेपर्यंत वड्या खाल्ल्या. रोज मोजून सुपारीएवढं देणारी बाई, पण त्या दिवशी तिच्या लेखी ते फराळाचं होतं.

या उपासांवर माझा राग तेव्हापासून आहे. पोटात काही नाही म्हणून देवाला कळवळा येतो, हे मला कुणी पटवून देऊ शकलेलं नाही.

बाबा मांडवात आले तेव्हा त्यांचा चेहरा लाल होता. बायका म्हणाल्या, आनंदानं फुललाय बाप. आवाज घोगरा होता. उपास आहे ना, कोरडाच असणार. मंगलाष्टकं झाली, अक्षता पडल्या आणि बाबा पाटावर बसले. ते माझ्या शालूवरून बोटांनी काहीतरी वेचायला लागले. आईला वाटलं, अक्षता काढताहेत. मी खाली पाहिलं, तिथं एकही अक्षत नव्हती. मग मी त्यांच्या डोळ्यांकडे पाहिलं. बाहुल्या इतक्या पसरल्या होत्या की डोळा सगळाच काळा दिसत होता, आणि त्या डोळ्यांत मी नव्हते.

त्यांचा हात माझ्या ओंजळीवर आला. तो हलत नव्हता. अंगठासुद्धा नाही. आईनं धार धरली आणि क्षणभर तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी विसरणार नाही. तिला वाटलं, जिंकलो.

तेवढ्यात बाबांनी डाव्या हातानं उपरणं आणि जानवं उचलून उजव्या खांद्यावर घेतलं. तसं जानवं फक्त पितरांच्या कामाला घेतात. मग त्यांनी हात अंगठ्याच्या बाजूला कलता केला. अंगठा आणि तर्जनीच्या मधून पाणी सोडतात ते मेलेल्यांना. पाणी माझ्या ओंजळीबाहेर, जमिनीवर पडू लागलं. त्यांनी आमचं गोत्र म्हटलं, माझं नाव म्हटलं आणि पुढं म्हणाले, "स्वधा नमस्तर्पयामि." उच्चार नेहमीसारखा निर्दोष. पुन्हा गोत्र, पुन्हा माझं नाव.

लग्न लावणारे भटजी बाबांचेच सोबती होते. त्यांनी कानांवर हात ठेवले. सासरे उठून उभे राहिले. आणि आईनं धार थांबवली नाही. संस्कृत तिला कळत नव्हतं, पण जानवं कुठल्या खांद्यावर आहे ते दिसत होतं. तरी ती झारी धरून राहिली, कारण काहीही झालं तरी धार तुटू द्यायची नाही, हे बाबांनीच तिला महिनाभर बजावलं होतं. झारी रिकामी होईपर्यंत माझा बाप माझं तर्पण करत होता.

काकांनी त्यांना धरून आत नेलं. ते काकांना ओळखेनात, भिंतीवरच्या कुणाशी तरी बोलत होते. डॉक्टर आले, डोळे पाहिले आणि तोच प्रश्न पुन्हा विचारला. आईनं रिकामी ताटली आणून दाखवली. पुड्यांमध्ये शुद्ध केलेलं धोत्र्याचं बीही होतं, हे काकांनी वैद्यबुवांना जाऊन विचारलं तेव्हा कळलं. डॉक्टर म्हणाले की धोत्र्याचा आणि त्यांच्या गोळ्यांचा गुण एकच. दोन्ही मिळून हात तर थांबतो, पण माणूसही ठिकाणावर राहत नाही. वैद्यबुवा म्हणाले, "सुपारीएवढी सांगतली होती." दोघांचंही बरोबर होतं, आणि म्हणूनच मला दोघांचाही संताप यायचा.

काकांनी कन्यादान पुरं केलं. लग्न लागलेलंच होतं, मोडता येत नव्हतं. मला अकोल्याला नेलं. पहिल्या दिवाळीला काका न्यायला आले तेव्हा सासूबाईंनी त्यांना दारातूनच परत पाठवलं आणि मला म्हणाल्या, "ज्या घरी तुह्यं तर्पण झालं, त्या घरी जाशील कशी? मेलेलं माणूस घरी परत जाते काय?" त्या दुष्ट नव्हत्या. मला जेवू घालायच्या, माझी वेणीही घालायच्या. त्यांना खरोखर भीती वाटत होती, आणि भीतीशी भांडता येत नाही.

बाबा चार-पाच दिवसांत शुद्धीवर आले. त्यांना त्या दुपारचं काही आठवत नव्हतं. त्यांना कुणी सांगितलंही नाही. लेक का येत नाही म्हटलं की आई म्हणे, सासरचे कडक आहेत. पाक तिनं उकिरड्यावर टाकला आणि भीतीपोटी डॉक्टरांच्या गोळ्याही बंद केल्या. मग दुखणं मोकाट सुटलं.

माझा मुलगा चालायला लागला त्या वर्षी ह्यांनी बडनेऱ्याला कुणाची तरी मुंज आहे असं घरी सांगितलं आणि मला अमरावतीला नेलं. आयुष्यात हे एवढंच एक खोटं बोलले असतील, आणि त्यासाठी मी त्यांचं बाकी सगळं सोसलं.

बाबा खाटेवर होते. चेहरा हलत नव्हता, फक्त हात. त्यांनी मला द्यायला देवाकडचं तीर्थ मागवलं. पळी माझ्या तळहातापर्यंत येईस्तोवर सगळं पाणी माझ्या पदरावर सांडलं होतं. मी तो हात दोन्ही हातांनी धरला. हा कापणारा हातच मला हवा होता. तो त्या दिवशी असाच कापला असता, धार दहादा तुटली असती, चार लोक हसले असते, तर माझं माहेर राहिलं असतं.

बाबांचा आवाज फार बारीक झाला होता. मी कान जवळ नेला.

"त्या दिवशी," ते म्हणाले, "हालला काय माहा हात? तुही आई म्हणते नाही हालला. तुले ठाऊक असंन. खाली तुही ओंजळ होती."

आई दारात उभी होती. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही.

"नाही बाबा," मी म्हटलं, "जराही नाही हालला. धार शेवटपर्यंत तुटली नाही."

त्यांनी डोळे मिटले. आईनं पदर तोंडाला लावला आणि ती आत गेली. मी जे म्हटलं त्यात एक अक्षरही खोटं नव्हतं.