वायर काढली तरी

नेटवर्किंग हा विषय मला मनापासून आवडत होता, हे आधी सांगून टाकते. नाहीतर पुढचं वाचून कुणालाही वाटेल, हिला मुळात शिकायचंच नव्हतं.

विषयातली एक गोष्ट तर मला फारच आवडायची. एका कॉम्प्युटरकडून दुसऱ्याकडे माहिती निघाली आणि मधला मार्ग तुटला, तर ती रडत बसत नाही, दुसऱ्या मार्गानं जाते. गगनबावड्याचा घाट बंद झाला की कोकणात जाणाऱ्या गाड्या फोंडा घाटानं उतरतात, तसंच. हे पुस्तकात वाचलं त्या दिवशी मी वर्गात एकटीच हसले होते. हे डोळ्यांनी बघायचं, स्वतःच्या हातानं वायर काढायची आणि तरीही पलीकडून उत्तर येतंय का बघायचं, एवढीच माझी इच्छा होती. पदवीचं तिसरं वर्ष निम्मं सरलं तरी मी एकाही वायरीला हात लावला नव्हता.

कारण लॅबला कुलूप होतं. दारावर 'नेटवर्किंग लॅब' अशी झोकदार पाटी आणि आत मोडके बाक, जुन्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे, कबुतरांची घाण. प्रॅक्टिकलच्या तासाला आम्ही वर्गात बसून जर्नल उतरवायचो. आधीच्या बॅचचं जर्नल, त्यांनी त्यांच्या आधीच्यांचं उतरवलेलं. प्रयोगाचं आउटपुट म्हणून एक झेरॉक्स चिकटवायची. ती झेरॉक्सची झेरॉक्स होऊन इतकी काळी पडली होती, की त्यावर कुणा माजी विद्यार्थ्याचं नाव तेवढं वाचता यायचं. खाली आमची सही, सरांची सही, कॉलेजचा गोल शिक्का. 'विद्यार्थ्याने सर्व प्रयोग स्वतः केले आहेत.' मला त्या कागदाची शिसारी यायची, आणि तरी माझं अक्षर चांगलं म्हणून निम्मा वर्ग माझंच जर्नल उतरवायचा.

माझ्या वडिलांचं, आबांचं, शिवाजी पेठेत पाण्याच्या पंपांच्या जळालेल्या मोटारी भरायचं दुकान आहे. दिवसभर तांब्याची तार आणि वार्निश. रोज संध्याकाळी त्यांचा एकच प्रश्न, "आज काय जोडलंस गं?" मी काहीतरी ठोकून द्यायची. त्यांना इंग्रजी वाचता येत नाही, पण माझं मागच्या वर्षीचं जर्नल त्यांनी दुकानात गणपतीच्या फोटोखाली ठेवलं होतं. गिऱ्हाईक आलं की फडक्याला हात पुसायचे, खसाखसा, बोटांच्या बेचक्यांतनं, आणि मगच ते उघडायचे. "पोरीनं हातानं केल्यालं हाय सगळं. ह्यो बघा शिक्का." मी तेव्हा दुकानात असले तर माळ्यावर काहीतरी शोधायला चढायची.

मग कमिटी येणार असं कळलं. कॉलेजची मान्यता पुढं चालू ठेवायची का नाही, ते ठरवणारी. चार दिवसांत कबुतरं गेली, भिंती रंगल्या, आणि एका टेम्पोतून नवेकोरे स्विच, राउटर, रॅक असं सगळं उतरलं. मी दारात उभी राहून बघत होते. खोटं कशाला बोलू, मला रडू आलं होतं.

विभागप्रमुख सरांनी मला बोलावून घेतलं. म्हणाले, "यातल्या कशाला हात लावायचा नाही. बिघडलं तर कोण निस्तरणार? पण पडद्यावर काहीतरी पळताना दिसलं पाहिजे. तुला जमेल?"

मी म्हटलं, "सर, वायरींना एकाच बाजूला प्लग आहेत. दुसऱ्या बाजूला प्लग बसवायचं हत्यार आणलं तर मी खरंच जोडून दाखवते."

"ते सामानाच्या यादीत आहे की."

"यादीत आहे सर, खोलीत नाही."

"अगं, दिसलं म्हणजे झालं! कमिटी जाऊ दे, मग लॅबची चावी तुझ्याकडं. शब्द देतो."

महिन्याभरानं पुण्याची एक कंपनी नोकरीसाठी मुलं निवडायला येणार होती. ते लेखी परीक्षा घेत नाहीत, वायर हातात देतात आणि जोड म्हणतात, असं आधीच्या मुलांनी सांगितलं होतं. महिनाभर ती चावी मिळाली तर माझी निवड होणारच, याची मला खात्री होती. मी हो म्हटलं. सरांनी जबरदस्ती केली नाही, हेही लिहायला हवं.

पिंग म्हणजे एका कॉम्प्युटरनं दुसऱ्याला मारलेली हाक. पलीकडून ओ आली की पडद्यावर एक ओळ उमटते. मी एक छोटी फाइल लिहिली. ती दर सेकंदाला आपली आपणच 'उत्तर आलं' अशी ओळ छापत राहायची, मग पलीकडे कुणी असो वा नसो. तीन वर्षांत मी स्वतः लिहून चालवलेलं पहिलं काम ते हेच.

कमिटीच्या दिवशी आम्हा मुलींना काठापदराच्या साड्या नेसायला लावून दारात तबकं घेऊन उभं केलं होतं. नेटवर्क शिकायला आलेल्या पोरी पाहुण्यांना ओवाळत होत्या! फेटे झाले, शाली झाल्या, मग ते लॅबमध्ये आले. त्यातले एक वयस्क गृहस्थ माझ्या टेबलापाशी थांबले. कुठल्या तरी कॉलेजातून निवृत्त झालेले प्राध्यापक होते. पडद्यावर ओळी पळत होत्या.

"ही वायर काढ बघू," ते म्हणाले.

मी सरांकडे पाहिलं. सर छताकडे बघत होते. मी कॉम्प्युटरमागची वायर उपसली. पडद्यावर उत्तरं येतच राहिली.

"हे कसं काय?"

तेव्हा खरं बोलता आलं असतं. तोंड उघडायचाच अवकाश होता. मी म्हटलं, "सर, एक मार्ग तुटला की माहिती दुसऱ्या मार्गानं जाते."

माझ्या आवडीचं वाक्य. बोलता बोलताच ते तोंडात नासलं.

ते वाकले आणि टेबलामागं बघितलं. माझ्या वायरीचं दुसरं टोक तिथं तसंच, कापलेलं, उघडं पडलं होतं. त्यांना ते दिसलं. मला वाटलं, आता फटकारतील, आणि खरं सांगायचं तर बरंच वाटलं. त्यांनी मागं वळून बाकीचे सदस्य कुठं आहेत ते पाहिलं, बुटाच्या टोकानं ती वायर हळूच टेबलाखाली सरकवली आणि सरांना म्हणाले, "पोरगी तयार आहे तुमची."

जेवणात तांबडा-पांढरा होता. वाढायला आम्हीच. त्या गृहस्थांनी माझ्याकडून रस्सा दोनदा मागून घेतला. ते बोटं चाटत होते आणि मला त्या बोटांची, त्या बुटाची, माझ्या साडीची, सगळ्याचीच किळस येत होती.

तिसऱ्या प्रहरी गाड्या गेल्या आणि मी लॅबकडे धावले. दारात तोच टेम्पो लागलेला. शिपाईमामा आणि ड्रायव्हर मिळून स्विच गाद्यांत गुंडाळून चढवत होते.

"मामा, हे कुठं चाललंय?"

ड्रायव्हरच बोलला, "वडगावला, संस्थेच्या दुसऱ्या कॉलेजात. उद्या कमिटी तिकडं हाय की. तिथनं पुढं आणि कुठं, त्ये मला म्हाईत न्हाय."

हात का लावायचा नव्हता, ते मला तेव्हा कळलं. मामांनी खिशातून चावी काढून माझ्या हातावर ठेवली. मान खाली घालून म्हणाले, "सरांनी दिलीया. शब्द पाळलाय म्हणून सांगा म्हणालं."

आत रॅक नव्हते, स्विच नव्हते. फक्त कॉलेजचे जुने कॉम्प्युटर, आणि माझ्या पडद्यावर अजून दर सेकंदाला उत्तर येत होतं. मी बटण दाबून तो बंद केला, कुलूप लावलं आणि चावी मामांना परत दिली.

तशीच साडीत दुकानात गेले. आबा मोटारीत तार भरत होते.

"आज काय जोडलंस गं?"

"काही न्हाय, आबा. तीन वर्षांत कायबी जोडलं न्हाय मी." मग बसून सगळं सांगितलं.

त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग गणपतीखालचं जर्नल ओढलं, आज हात न पुसताच, आणि पहिलं पान उघडलं.

"मग ह्या सह्या कुणाच्या?"

"एक सरांची," मी म्हटलं. "आणि खालची माझी."

आबांनी जर्नल मिटून बाजूला ठेवलं. मग फडकं घेतलं आणि हात पुसले, खसाखसा, बोटांच्या बेचक्यांतनं.