कपाळ आणि कोथिंबीर

कोथिंबिरीच्या एका जुडीपायी मी माझ्या नवऱ्याला मारलं. चांगला धडधाकट, सायकल हाणणारा, आमटी भुरकून पिणारा नवरा. आणि मारून झाल्यावर त्याच कोथिंबिरीच्या वड्या करून खाल्ल्या. नातींना हे सांगितलं की त्या हसून लोळतात. हसा बायांनो. मला मात्र अजून हसू कमी आणि चीड जास्त येते.

स्वातंत्र्य मिळून तीन-चार वर्षं झाली असतील. मी लग्न होऊन नगरकडून कोल्हापुरात आले. नगरला मिशनच्या आवारात वाढलेली मी. तिथे आमच्यातल्या एकाही बाईच्या कपाळाला कुंकू नसायचं, त्यामुळे कपाळ ही लोकांनी वाचायची गोष्ट असते हेच मला ठाऊक नव्हतं. शिवाय अंगात भक्ती इतकी, की काही विचारू नका. काचेच्या बांगड्या प्रार्थनेत किणकिणतात म्हणून मी त्या काढून ठेवल्या होत्या. रंगीत लुगड्याने मन भरकटतं म्हणून पांढरं पातळ नेसत होते. देवाने वरून पाहिलं असतं तर त्यालाही वाटलं असतं, ही बिचारी कोण?

शाहूपुरीत आमच्या भाड्याच्या दोन खोल्या होत्या. हे मिशनच्या शाळेत मास्तर. लग्नाला तीन महिने झाले नाहीत तोच चंदगडकडचे एक मास्तर आजारी पडले आणि यांना महिन्याभरासाठी तिकडे धाडलं. सासूबाई गुडघे धरून बसलेल्या. म्हणजे बाजार माझ्या गळ्यात.

पहिल्या दिवशी ज्या भाजीवाल्याकडे गेले त्याने विचारलं, "कुनाच्या घरच्या तुमी?" मी ताठ मानेने सांगितलं, "आम्ही ख्रिस्ती." झालं! त्याने सुटे पैसे माझ्या हातावर वरून टाकले, हातभर उंचीवरून. दोन नाणी खाली घरंगळली. मी ती वाकून वेचली. वेचायला नको होती, असं आज वाटतं.

दुसऱ्या दिवशी वाट बदलली. मंडईच्या टोकाला शिरोळकडची एक बाई बसायची. मेथी, वांगी, कोथिंबीर. दणदणीत आवाज आणि कपाळावर रुपयाएवढं कुंकू. तिने माझ्या कपाळाकडे पाहिलं, मनगटांकडे पाहिलं, पातळाकडे पाहिलं आणि आवाज एकदम खाली आणला.

"कवा गेलं गं मालक?"

मला वाटलं, बातमी इथवर पोचली की काय! म्हटलं, "सोमवारी गेले."

"ह्या सोमवारी? आन् तू बाजाराला आलीस?"

"मग कोण येणार? सासूबाईंना चालवत नाही."

"कशानं गेलं?"

"एसटीनं."

"आगं आई गं! गाडीनं!" तिने कपाळाला हात लावला. शेजारच्या बटाटेवाल्याला हाक मारली, "ऐकलं का ओ? ह्या पोरीचं मालक एसटीखाली गेलं की!" आणि माझ्या पिशवीत कोथिंबिरीची भलीमोठी जुडी कोंबली. वर दोन वांगी. "पैसं नकोत. जा, घरी जा. रडू नगं."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला.

बोलायला हवं होतं. 'अहो, गेले म्हणजे चंदगडला गेले,' इतकंच. तोंड उघडलंसुद्धा. पण लगेच पुढचा प्रश्न दिसला: मग कुंकू का नाही? आणि त्याचं उत्तर दिलं की नाणी पुन्हा हातभर उंचीवरून पडणार. मी तोंड मिटलं, पिशवी उचलली आणि विधवा होऊन घरी आले.

मला चीड येते ती इथे. नवरा मेलेली बाई चालते, तिच्या पिशवीत कोथिंबीर पडते. नवरा जिवंत असलेली ख्रिस्ती बाई चालत नाही. हा कुठला हिशेब? पण तेव्हा मला इतकं कुठलं सुचायला! मी आपली खूश. तीन आठवडे रोज तिच्याकडे जायची, मान खाली घालायची आणि जुडी घेऊन यायची. रविवारी शब्बाथशाळेत चिमुरड्यांना गोष्ट सांगायची, जवळचं होतं नव्हतं ते सगळं दान करणाऱ्या गरीब विधवेची. पोटात फुकटच्या कोथिंबिरीची वडी, आणि डोळ्यांत पाणी!

एका सकाळी लवकर गेले. आधी बटाटे घ्यावेत म्हणून शेजाऱ्यापुढे उभी राहिले. त्याने तागडी उचललीच नाही.

"मागनं ये गं. अजून भवानी व्हायची हाय."

भवानी म्हणजे दिवसाची पहिली विक्री. ती माझ्या हातची नको होती त्याला. पांढऱ्या कपाळाने सुरुवात केली तर दिवस बुडतो म्हणे. कालपर्यंत ज्याच्या डोळ्यांत माझ्यासाठी कणव होती, तोच हा माणूस. म्हणजे दया दुपारची! सकाळी नाही!

मी लालभडक झाले. तेवढ्यात भाजीवाली उठून उभी राहिली. "ये गं हिकडं. माजी भवानी हिच्याच हातनं हुनार. बघू काय बुडतंय ते!" तिने मेथीच्या दोन जुड्या मला मोजून दिल्या आणि माझे पैसे कपाळाला लावून कमरेच्या पिशवीत टाकले. बटाटेवाला पुटपुटला, "तुमच्या कपाळाला कुंकू हाय, तुमाला चालतंय." तिने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

त्या दिवशी खरं सांगायची माझी हिंमत पारच गेली.

आणि त्याच आठवड्यात हे परत आले. पिशवी जड होते म्हणून, मी नको नको म्हणत असताना, सायकल घेऊन माझ्यामागे मंडईत आले. भाजीवालीपुढे उभे राहून सरळ माणसासारखं म्हणाले, "नमस्कार. ह्या घरी सांगत होत्या, तुम्ही भाजी फार छान देता."

भाजीवाली माझ्याकडे बघत राहिली. "हे कोन?"

"हे... आमचे हे."

"आँ?" बटाटेवाला ओरडला. "एसटीखाली गेलतं न्हवं?"

"कोण एसटीखाली गेलं?" ह्यांनी विचारलं.

तिथे तरी चूक कबूल करावी की नाही? छे! मी हनुवटी वर करून व्याख्यान दिलं. आम्ही ख्रिस्ती आहोत, आमच्यात कुंकू लावत नाहीत, माणसाने बाहेरचं पाहू नये, अंतःकरण पाहावं. वगैरे. आवाज असा, जणू फसवणूक माझीच झाली होती.

बटाटेवाल्याने मांडीवर थाप मारली. "बराबर हाय की! तुमच्या देवाचं मानूस तिसऱ्या दिवशी उठतंय म्हनं. ह्यास्नी जरा उशीर झाला!"

सगळी मंडई हसली. भाजीवाली तेवढी हसली नाही. तिने माझ्या पिशवीतली नुकतीच घातलेली कोथिंबीर परत काढली, पाणी मारलं आणि टोपलीत ठेवली.

घरी हे रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. जेवताना आमटीतलं कोथिंबिरीचं पान न् पान वेचून त्यांनी ताटाच्या कडेला लावून ठेवलं आणि हात धुवायला गेले.

पुढच्या रविवारी चर्चमध्ये प्रभुभोजन होतं, म्हणजे प्रभूच्या आठवणीत सगळ्यांनी मिळून भाकर मोडून खायची. कुणाचं मन दुखवून त्या भाकरीला हात लावायचा नाही, हे मी लहानपणापासून ऐकलेलं. मी पाळकबाईंकडे, म्हणजे आमच्या पाळकसाहेबांच्या पत्नीकडे, गेले आणि सगळं सांगितलं. मंडळीतल्या बायकांच्या कपाळांवर नजर ठेवायचं काम त्या हौसेने करायच्या. कुणी चुकून टिकली लावून आलं की उपासना संपेपर्यंत त्यांना चैन नसे.

"अहो, भाजीवालीची कसली क्षमा मागता?" त्या म्हणाल्या. "देवाची मागा, झालं. आणि बरंच झालं की! इतकं होऊनही तुम्ही कुंकू नाही लावलंत."

माझा तिळपापड झाला. कपाळ, कपाळ, कपाळ! मंडईत तेच आणि इथेही तेच! देवाची क्षमा मागणं सोपं असतं हो, तो बाजारात टोपली घेऊन बसत नाही. मी तशीच उठले आणि भर दुपारी मंडईत गेले.

मंडई ओस पडली होती. बटाटेवाला पोत्यावर घोरत होता. भाजीवाली नळावर तोंड धूत होती. मी तिच्या पाठीमागे उभी राहून घडाघडा बोलून टाकलं. मी खोटं वागले, तुम्ही माझ्यासाठी भांडलात, तुमचं मन दुखावलं, मला क्षमा करा, नाहीतर रविवारी मला देवाच्या मेजाशी बसता यायचं नाही. तिथेही माझंच मेज मला महत्त्वाचं, बघा!

ती वळली. कपाळ ओलं, स्वच्छ. कुंकू धुऊन गेलेलं. माझ्याइतकंच रिकामं कपाळ. तिने घाई केली नाही. पदराने तोंड पुसलं, झोपलेल्या बटाटेवाल्याकडे एकदा पाहिलं, कमरेची डबी काढली आणि बोटाने पुन्हा तसंच मोठं कुंकू रेखत मला हळू आवाजात म्हणाली,

"माजं मालक खरंच गेल्यात. चार पावसाळं झालं. हितं पांढरं कपाळ घिऊन बसली, तर सकाळची माज्याकडनं कोन भाजी नेतंय? म्हून बाजारात उतरली की लावती आन् गावात शिरताना पुसती. तू जित्त्याला मारलंस, मी मेल्याला रोज उठवती. तुज्या देवाला काय सांगायचं ते सांग जा. आन् उद्या लवकर ये, भवानी तुज्याच हातनं. पर कोथिंबीर इकत घ्यायची हां, फुकट न्हाय!"