सुनेचं ॲप आणि न दिसणारं बटन

माझ्या फोनवर ते बटन नव्हतं आणि ही गोष्ट मी चार दिवस कुणालाच सांगितली नाही.

बटन माझ्या सुनेनं केलेल्या ॲपमधलं. आमच्या गल्लीत घरटी दोन-तीन म्हशी आहेत. म्हैस कधी माजावर आली, कधी रेड्याकडं नेऊन भरवली, दूध काढणं कधी बंद करायचं, हे सगळं बायकांच्या डोक्यात असतं. डोक्यातलं एखाद्या वेळी चुकतं आणि म्हैस गाभण नाही हे कळायलाच दोन महिने जातात. मागच्या वर्षी माझ्या हातून तसंच झालं. तेव्हा सून म्हणाली, "आत्ती, ह्याचं ॲप करूया की. तारीख एकदा लिवली की फोनच आठवण करून देईल."

तिनं कॉम्प्युटरचा डिप्लोमा केला आहे, पण ॲप कधी केलं नव्हतं. रोज दुपारी भांडी आवरून ती फोनवर धडे बघत बसायची. तीन महिन्यांत तिनं ते उभं केलं.

गावच्या महिला दूध संस्थेत ते दाखवायची परवानगी मिळवायला ती तीनदा गेली. शेवटी अध्यक्षीण बाई म्हणाल्या, "एक रविवार देते. बायकांना पटलं तर पटलं. परत परत सभा न्हाय लावणार मी." तो रविवार पंधरा दिवसांवर होता. त्याआधी सुनेनं गल्लीतल्या सहा घरांत ॲप घालून दिलं. सातवा फोन माझा.

संध्याकाळी ती घरोघरी जाऊन विचारायची, "काकू, भरलं का?" सगळ्या म्हणायच्या, "भरलं की. लई चांगलं हाय." आणि फोन उघडून बघावं तर आत काहीच नाही. तिच्या स्वतःच्या फोनात मात्र सगळं जिथल्या तिथं.

मी म्हशीची खूण लिहिली, तारीख लिहिली. खाली 'जतन करा' असं बटन येईल असं तिनं सांगितलं होतं. ते आलं नाही. मी चौथीपर्यंत शिकलेली. मला वाटलं, आपणच कुठंतरी भलतं दाबलं असणार. ती आधीच काळजीत, त्यात आपलं अडाणीपण कशाला सांगा. म्हणून गप्प राहिले.

त्या दिवसांत तिची चूक शोधायची रीत मी जवळून बघितली. आमटी बिघडली की मी मीठ, चिंच, गूळ एकदमच घालते आणि मग कशानं सुधारली ते मलाच कळत नाही. ती तसं करत नव्हती. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. मग बघायची. काय बदललं आणि काय झालं, हे वहीत लिहायची. उपयोग झाला नाही तर पहिल्यासारखं करून ठेवायची. तारीख रिकामी राहिली की ॲप पटकन बंद पडतं, ही एक चूक तिला अशीच सापडली. पण मोठी चूक सापडेना. वही अर्धी भरली, तरी तिनं एकदाही फोन आपटला नाही की कुणावर ओरडली नाही.

पाचव्या दिवशी जेवताना मात्र ती म्हणाली, "आत्ती, रविवारी जायाचंच न्हाय असं वाटाय लागलंय. माझ्यात चालतंय आणि बाकी कुणाच्यात न्हाय, म्हंजे मला हे येतच न्हाय."

तेवढ्यात शेजारीण दारातूनच ओरडली, "काय गं पोरी, तुझ्या ॲपनं माझी म्हैस गिळली की! सकाळी लिवली, दुपारी बघतोय तर न्हायच!"

सुनेला हसू आलं, पण डोळे भरले होते. ते बघून माझ्या तोंडून निघून गेलं, "माझ्यात बटन न्हाय."

"कसलं बटन?"

"ते जतन करायचं. माझंच कायतरी चुकलं असंल."

शेजारीण कमरेवर हात ठेवून म्हणाली, "आणि इतकं दिवस तोंड शिवलं होतं व्हय वहिनी? माझ्यात बी न्हाय की!"

"मग काकू, तुम्ही का बोलला न्हाईसा?"

"मला वाटलं, लिवलं की आपोआप जातंय वर!"

सुनेनं आमच्या दोघींचे फोन घेऊन आपल्या फोनाशेजारी ठेवले. आम्हाला बारीक दिसत नाही म्हणून आमच्या फोनातली अक्षरं मोठी करून ठेवलेली. गल्लीतल्या बाकीच्यांचीही तशीच. मोठ्या अक्षरांनी पान भरून जात होतं, बटन खाली बुडत होतं आणि पान वर सरकत नव्हतं. ती मला म्हणाली, "आत्ती, चूक तुमची न्हाय. मी नुसतं माझ्याच फोनात बघत बसले." आणि हेही तिनं वहीत लिहिलं.

पान सरकायला लागलं, तर लिहिताना खालून अक्षरांची पाटी वर येऊन बटन झाकू लागली. तिनं बटन वर नेलं. शेजारणीला तारीख आठवेना, "अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी भरवली" एवढंच माहीत. मग तिनं तारखांशेजारी अमावास्या-पौर्णिमा घातल्या.

रविवारी संस्थेच्या खोलीत पन्नासेक बायका होत्या. सुनेनं ॲप दाखवलं, सगळ्यांच्या फोनात घालून दिलं, भरून बघायला सांगितलं. मग म्हणाली, "ह्यात अजून चुका असणार. चूक माझी हाय, तुमची न्हाय. जे दिसत न्हाय ते सांगा." सगळ्या पदर सावरत खाली बघत होत्या. काय चाललं होतं त्यांच्या मनात, ते माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार? पण पन्नास बायकांत उभं राहायचा धीर मला नव्हता. शेवटी शेजारणीला कोपरानं ढोसलं.

ती उभी राहून म्हणाली, "ह्यानं माझी म्हैस गिळली होती बघा!"

खोली हसली. मग एक म्हणाली, "माझ्यात अक्षरांच्या जागी नुसतं चौकोन दिसत्यात." दुसरी म्हणाली, "ओल्या हातानं दाबलं तर ऐकत न्हाय." तिसरी, "मला दोन म्हशी, दुसरी कुठं घालू?" सून सतरंजीवर त्यांच्यात जाऊन बसली आणि भराभर लिहू लागली.

अध्यक्षीण बाई म्हणाल्या, "अगं, इतक्या चुका हायत तर कशाला ठेवायचं ते फोनात?"

दोन म्हशींवाली म्हणाली, "असू द्या की बाई. ही लिवून तरी घेतीया. आमचं कोण लिवून घेतंय?" आणि तिनं आपला फोन सुनेपुढं धरला.

सभा संपली तरी बायका उठेनात. मी सुनेसाठी पाणी घेऊन गेले, पण तिच्याभोवती इतकी गर्दी होती की तांब्या हातोहात पुढं द्यावा लागला.