चौथ्या वेताचा राउटर

साल दोन हजार तेवीस. मला चौऱ्याहत्तरावं लागलं होतं. माझी नात कसबा बावड्यातल्या आमच्या मागल्या खोलीत बसून पुण्याच्या कंपनीचं काम करायची. साखर कारखान्याकडून शिजत्या रसाचा गोड वास यायचा, भिंतीवरच्या राउटरचा निळा दिवा लुकलुकायचा, आणि मी उंबऱ्यात बसून तिचं इंग्रजी ऐकायचो. कळायचं काही नाही. पाटाचं पाणी उसात शिरताना कसं बोलतं, तसं वाटायचं. डोळे आपोआप मिटायचे.

पण नेट मध्येच तुटायचं. एक दिवस ती म्हणाली, "आबा, असंच चाललं तर मला पुण्याला राहायला जावं लागंल."

बसल्या जागी मला ती खोली रिकामी दिसली.

तिला नवा राउटर हवा होता, पण कुठलाही नव्हे. आतला, राउटर बनवणाऱ्या कंपनीचा प्रोग्राम काढून बाहेरच्या लोकांनी केलेला, नेट टिकवून धरणारा प्रोग्राम घालता येईल, असा. मला लगेच उमगलं. काही म्हशी मालकाशिवाय कुणाला धार देत नाहीत. हिला परक्या हाताला पान्हा सोडणारी पाहिजे होती.

"मी आणतो की! जन्मभर म्हशी पारखल्यात."

"आबा, खोक्याखाली व्हर्जन दोन बघूनच घ्या. नाव एकच असतंय, आतलं यंत्र निराळं."

दुकानात व्हर्जन दोन आणि व्हर्जन चार, दोन्ही होती. दुकानदार म्हणाला, "पावणं, दोन जुनं झालं. चार परवाच आलंय." मी मनात म्हटलं, दुसऱ्या वेतापेक्षा चौथ्या वेताची, चौथ्यांदा व्यालेली म्हैस कधीही भरून दूध देते. चार घेतलं आणि ऐटीत घरी आलो.

नातीनं खोकं उलटं करून खालचा आकडा वाचला. "ह्याच्यात तो प्रोग्राम बसत न्हाय, आबा."

"चौथं वेत कधी वाईट असतंय व्हय?"

ती खळखळून हसली, मग डोळे पुसले. "ही म्हैस हात लावू देत न्हाय. परत देऊन या."

दावं हातात घेतलं की जनावर परत न्यायचं नाही, ही बाजाराची रीत. मी ती कधी मोडली नव्हती. तसं ठणकावून सांगितलं. ती वाद घालत बसली नाही. अंगणात जाऊन पुण्याच्या मैत्रिणीला फोनवर भाड्याच्या खोलीचं विचारू लागली. तिचा आवाज लांबून, धुक्यातून आल्यासारखा येत राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी फेटा बांधला, खोकं पिशवीत घातलं आणि दुकान उघडायच्या आधीच पायरीवर जाऊन बसलो. दुकानदार आला तसं म्हणालो, "पावणं, हे चार ठेवा तुमाला. मला दोन द्या."