नामशेष सर

कुणी भेटलं की माणसं विचारतात, "काय, बरं आहे ना?" आमचे प्राणिशास्त्राचे सर विचारायचे, "तुमच्याकडे अलीकडे काय दिसेनासं झालंय?" लग्नाच्या पंगतीत, भाजीबाजारात, न्हाव्याच्या खुर्चीत बसल्यावरसुद्धा हाच प्रश्न. त्यांना हवी असायची पशुपक्ष्यांची खबर, पण समोरच्याला ते काय ठाऊक? सिंधीपुऱ्यातल्या आमच्या शेजारच्या काकांनी एकदा प्रामाणिकपणे उत्तर दिलं, "सकाळपासून माझा चष्मा दिसत नाही हो." सरांनी तो काकांच्या कपाळावरून उतरवून हातात दिला आणि पुढचा प्रश्न विचारला, "बरं. आणि हरणं?"

त्यांना 'नामशेष सर' हे नाव आमच्या आधीच्याच वर्गाने ठेवलं होतं. ते त्यांच्या कानावर गेलं होतं आणि त्याबद्दल त्यांची एकच तक्रार होती. "नामशेष म्हणजे ज्याचं निदान नाव तरी शिल्लक आहे," ते म्हणायचे. "माझं तर नावही तुम्ही शिल्लक ठेवलं नाहीत."

सर मूळचे इच्छापूरचे, कपाशीवाल्या शेतकऱ्याच्या घरातले. नागपुरात शिकले, पहिल्या वर्गात आले. तेव्हा एका लहानशा संस्थानाच्या महाराजांनी त्यांना स्वखर्चाने विलायतेला धाडलं. महाराजांना शिकारीचा भारी षौक. जंगलातली शिकार दरवर्षी कमी का होते आणि ती वाढवायची कशी, हे शिकून ये, एवढीच त्यांची अट. सर तिकडे गेले आणि उलट्याच रस्त्याला लागले. प्राण्याची जात वाढते कशी यापेक्षा ती संपते कशी, यातच त्यांचा जीव रमला. त्यावर प्रबंध लिहून, पदवी घेऊन ते परतले, तोवर संस्थानं विलीन झाली होती. सर सांगायचे, "गेलो तेव्हा राज्य होतं, आलो तेव्हा तहसील होती." नोकरी देणारेच राज्यावर नव्हते. मग आमच्या बऱ्हाणपूरच्या नव्या कॉलेजात ते आले. माझी आई कपाळाला हात लावायची. "जिवंत जनावरं कमी पडली का गं, की हा माणूस गेलेली शोधत बसतो? आणि त्यासाठी विलायत?"

वर्गात त्यांची हजेरी घेण्याची तऱ्हा वेगळी होती. कुणी गैरहजर असला की दुसरे मास्तर फुली मारत. सर पेन थांबवत. "न दिसणं आणि नसणं यांत फरक आहे. आधी पुरावा." मग दोघांना शोधाला पाठवायचे, एकाला चहाच्या टपरीवर आणि एकाला टॉकीजच्या दाराशी. गैरहजर प्राणी बहुतेक वेळा टॉकीजच्या दाराशी सापडायचा. त्याला वर्गात आणल्यावर सर आनंदाने जाहीर करत, "जात टिकून आहे. अधिवास बदललाय."

आम्ही वर्गात दोनच मुली, बाकी सगळे मुलगे. जात संपते कशी ते समजावताना सर म्हणाले, "शेवटचा प्राणी मरतो त्याच्या कितीतरी आधी जात संपलेली असते. नर पुष्कळ आणि माद्या बोटावर मोजण्याइतक्या राहिल्या, की समजावं. उदाहरणार्थ, हा वर्ग." मुलं खिदळली. मी उभी राहिले आणि म्हणाले, "सर, आमच्या दोघींच्या मते हा वर्ग आत्ताच नामशेष आहे." सर इतके हसले की खडू खाली पडला. मग मुलांकडे वळून म्हणाले, "पुरावा मिळाला. लिहून घ्या."

त्यांचं संशोधन म्हणजे म्हाताऱ्या माणसांशी गप्पा. तापीच्या खोऱ्यात आजोबांच्या वेळी काय होतं आणि आता काय नाही, हे ते गावोगाव विचारत हिंडायचे. थापा मारणारे ओळखण्याची त्यांची एक युक्ती होती. धूलकोटला एका आजोबांनी आम्हा विद्यार्थ्यांना पुरता तासभर चित्त्याची गोष्ट ऐकवली. डोळे असे, दात असे, झेप अशी. आम्ही थरारून गेलो. सरांनी विचारलं, "बाबा, त्याची विष्ठा कशी होती?"

"ते कायले पाह्यतो मी?" आजोबा चिडले.

परत येताना सर म्हणाले, "जो ऐकतो तो दात सांगतो. जो बघतो तो लेंडीही सांगतो." त्यानंतर आमच्या वर्गात कुणी बढाई मारू लागला की मागून हमखास आवाज यायचा, "लेंडी सांग!"

हे सगळं गमतीचं चाललं होतं. मग त्या हिवाळ्यात माळढोकाचं प्रकरण झालं.

इच्छापूरच्या पलीकडे तेव्हा मोठा गवताळ माळ होता. त्या माळावर चार-पाच माळढोक यायचे. केवढा थोरला पक्षी! मान ताठ, चाल संथ, जणू एखादे पेन्शनर संध्याकाळी फिरायला निघालेत. सरांचा त्यांच्यावर फार जीव. "आपल्या भागातले हे शेवटचे असावेत," असं ते एकदाच म्हणाले आणि त्या वेळी थट्टा केली नाही. संस्थानं गेल्यापासून राखीव रानांवरचा धाकही गेला होता. ज्याच्याकडे बंदूक तो शिकारी, अशी गत झाली होती.

एके दिवशी कॉलेजच्या समितीचे अध्यक्ष वर्गातच आले. ते जिनिंग फॅक्टरीचे मालक, सगळे त्यांना शेठजी म्हणत. चेहरा नुसता फुललेला. "प्रोफेसर साहब, तुम्हारे महाराज पधार रहे हैं, हमारे मेहमान! इतवार को माळढोक की शिकार है. जगह तुमको मालूम है, तो तुम्हीच घेऊन जायचं."

सरांचा चेहरा उतरला. ज्यांनी शिकवलं ते महाराज, ज्यांनी नोकरी दिली ते शेठजी, आणि ज्यांच्यासाठी शिकले ते पक्षी, तिघं एकाच रविवारी समोर आले होते. ते इतकंच म्हणाले, "जरूर. महाराजांना मीच घेऊन जाईन."

शेठजी गेले. सर खिडकीशी गेले. मग ते वळले, तेव्हा डोळ्यांत मिस्कील चमक होती.

"रविवारी अभ्याससहल," ते म्हणाले. "विषय, गवताळ माळावरील जीवन. उजाडता उजाडता पोचायचं. साहित्य आणायचं ते असं : भरताची वांगी, हिरव्या मिरच्या, लसूण, कळण्याच्या भाकरी. ज्याच्या घरी ढोलकी असेल त्याने ढोलकी."

"सर, ढोलकी कायले?" एकाने विचारलं.

"आजवर मी तुम्हाला रोज गप्प बसा म्हणत आलो. रविवारी म्हणणार नाही. नैसर्गिक वागा. म्हणजे नेहमीसारखे."

आम्ही नेहमीपेक्षाही नैसर्गिक वागलो. माळाच्या मधोमध कपाशीच्या वाळलेल्या पऱ्हाट्या पेटवल्या, वर हिरवी वांगी टाकली. धूर उठला, ढोलकी कडाडली. हिंदी गाणं संपलं की मराठी, मराठी संपलं की कुणीतरी नुसतंच ओरडायचं. माळढोकांनी आधी आमच्याकडे तुच्छतेने पाहिलं. मग ते चालू लागले. मग एकेक करत जड पंखांनी उठले आणि नाला ओलांडून पलीकडे गेले. आम्ही टाळ्या पिटल्या, आणि तेवढ्यात जीप आली.

महाराज खाली उतरले. उंच, वाकलेले, भारी कोट, हातात बंदूक. त्यांनी धूर पाहिला, वांगी पाहिली, माझ्या हातातलं उलथनं पाहिलं.

"हे काय?" महाराजांनी विचारलं.

"माझा वर्ग, महाराज," सर म्हणाले. "अभ्यास चालला आहे."

"आणि पक्षी?"

सरांनी नाल्याकडे बोट दाखवलं. "आत्ताच पलीकडे गेले. नाल्यापलीकडे मुंबई राज्य लागतं, आणि आपला शिकारीचा परवाना मध्यप्रदेशचा आहे."

ढोलकीवाल्याने ढोलकी पाठीमागे लपवली. महाराज एकटक सरांकडे बघत होते.

"आमच्या काळी परवाना आम्हीच द्यायचो," ते हळू म्हणाले. "तुम्हाला विलायतेला कशाला पाठवलं होतं, आठवतं? शिकार वाढवायला."

"तेच करतोय, महाराज. मारणं थांबलं की आपोआप वाढते." सरांनी हात जोडले. "आपण शिकवलंत म्हणून हे मला कळलं. आता कळल्यावर मी आपल्याला तिथे कसा नेऊ?"

महाराजांनी बंदूक जीपमध्ये ठेवली. कोट सावरत ते आमच्या सतरंजीवर बसले. म्हणाले, "प्राध्यापक, तुम्ही संपलेल्या जाती मोजता. त्यांत आम्ही कुठे बसतो?"

"आपण संपला नाहीत, महाराज," सर म्हणाले. "आपला फक्त अधिवास गेला."

क्षणभर वाटलं, आता मेलो. आणि महाराज गदागदा हसले. हसता हसता डोळे पुसले. मग त्यांनी भाकरी मागितली, भरीत मागितलं, आणि मिरची लागून ठसका आला तरी पुन्हा मागितलं. जाताना सरांच्या खांद्यावर हात ठेवून ते काहीतरी म्हणाले. काय ते सरांनी कधी सांगितलं नाही.

शेठजी मात्र विसरले नाहीत. "कॉलेज पढ़ाई के लिए है, पार्टी के लिए नहीं," असं म्हणून उन्हाळ्यात त्यांनी सरांची नोकरी पुढे चालू ठेवली नाही. सर पूर्वेकडच्या कुठल्याशा कॉलेजात गेले. स्टेशनवर आम्ही सगळे जमलो होतो, बऱ्याच जणांचे डोळे भरले होते. गाडीच्या खिडकीतून सर म्हणाले, "रडू नका. मी नुसतं स्थलांतर करतोय. तो पाखरांचा हक्कच आहे."

पुढे मीही बऱ्हाणपूरच्याच शाळेत विज्ञान शिकवू लागले. बरीच वर्षं गेल्यावर निवृत्त झालेले सर एकदा गावी आले, तेव्हा मला म्हणाले, "चल, माळ बघू." आम्ही इच्छापूरच्या बाजूला गेलो. माळ नव्हता. विहिरींवर विजेचे पंप बसले होते आणि नाल्यापर्यंत केळीच केळी. आमच्याच वर्गातला एक जण तिथे शेत करत होता. तो धावत येऊन सरांच्या पाया पडला. या केळीवरच पोरीला डॉक्टर करतोय, हे त्याने अभिमानाने सांगितलं.

सरांनी बांधावरून दूरवर पाहिलं. त्यांना काय वाटत होतं ते मला समजत होतं. बंदूकवाल्याला भरीत खाऊ घालून परत पाठवता आलं होतं. याला काय म्हणणार?

वर्गमित्राने घडातलं पिकलेलं केळं सोलून त्यांच्या हातात दिलं. सरांनी ते सावकाश खाल्लं.

"गोड आहे रे," ते म्हणाले. "हीच तर अडचण आहे."

आणि दुसऱ्यासाठी हात पुढे केला.