लपायच्या रंगावर लिहिलेलं नाव

माझा धाकटा भाऊ दिनेश कुवेतमध्ये रंगारी आहे. "ताई, विमान रंगवतंय. ह्या काम पास झाला की सुट्टी!" असा त्याचा फोन आला आणि मी व्हिसा काढला. त्याची लेक रांगायला लागली तरी तिला त्याने फक्त फोनवर पाहिलेलं. येताना त्याला घेऊनच येईन, असं भावजयीला कबूल करून निघाले.

जायचं तर हिवाळ्यात जा. मुक्कामाला भारतीयांच्या वस्तीचं अब्बासिया सोयीचं आहे, आणि तिथली सुरमई थाळी तर आमच्यासारख्या खोडकाढू कोकण्यांनीही मुकाट खावी अशी. बस स्वस्त आहे, पण वाट पाहून जीव जातो. टॅक्सीत बसण्याआधी भाडं ठरवून घ्या.

दुसऱ्या दिवशी सुलैबियातल्या दिनेशच्या शेडमध्ये शिरले आणि आधी विमानाभोवती एक फेरी मारली. एका हौशी संग्राहकाचं स्कायहॉक जातीचं लढाऊ विमान होतं ते, मुळात विमानवाहू जहाजासाठी घडवलेलं. म्हणून पाय उंच आणि शेपटाखाली जहाजावर उतरताना दोर पकडायचा आकडा. कुवेतने ते वाळवंटात वापरलं, त्यामुळे पाठीवर वाळूच्या रंगाचे आणि तपकिरी पट्टे. त्यांच्यावर इंग्रजीत ठळक अक्षरं: फ्री कुवेत. देश इराकच्या ताब्यात गेल्यावर ही विमानं सौदीतून लढली, तेव्हा लिहिलेली. लपायचा रंग फासायचा आणि वर आपलं नाव एवढं मोठं लिहायचं!

मूळ अक्षरं उन्हाने उडाली होती. दिनेशने ती जुन्या फोटोवरून पुन्हा काढली होती. "कुवेतचा के मूळचा वाकडा होता, मी सरळ केलाय," तो ऐटीत म्हणाला.

काम पास करायला लढाईच्या वेळचे या विमानांचे मेकॅनिक अबू सालेम आले. आता चांगलेच थकलेले. विमानाभोवती सावकाश फिरून ते त्या के अक्षरापाशी थांबले.

"बहुत अच्छा काम," ते म्हणाले. "लेकिन ये के मैंने बनाया था. जल्दी में. घर की कोई खबर नहीं थी, हाथ काँपता था."

झालं, सुट्टी गेली, असं मला वाटलं. दिनेशचा चेहरा पडला. पण त्याने तो के पुसला, ब्रश रंगात बुडवला आणि म्हाताऱ्याच्या हातात दिला. "बाबा, आप बनाओ."

अबू सालेमांचा हात आता वयाने थरथरत होता. के पूर्ण झाल्यावर ते त्या अक्षरासमोर उभे राहून रडले. मीही रडले. काम पास झालं.

आता आम्ही गावी आहोत. भावजय विमानाचा फोटो निरखत म्हणाली, "एवढा सुंदर काम, नि ह्या एकच अक्षर असा वाकडा कसा?"

आपल्या कामाला कुणी नावं ठेवली की दिनेश भांडायला उठतो. या वेळी लेकीला खांद्यावर घेऊन तो हसला.

"तो माझा नाय," तो म्हणाला. "सगळ्यात भारी तोच हाय."