पहिल्या चेकवरची सही

माझी मुलगी परवा बँकॉकला गेली ती खांद्याला एक बॅग आणि पाकिटात एक कार्ड घेऊन. "पैशांचं काय गं?" म्हटलं, तर म्हणते, "आई, टेन्शन नको ना घेऊ यार." घेते मी टेन्शन! आमच्या मुलुंडच्या घरात सिंगापूरला पैसे कसे न्यायचे यावर पंधरा दिवस काथ्याकूट झाला होता. पैसे ते केवढेसे! सरकार माणशी ठरावीकच डॉलर द्यायचं. पण ते पंधरा दिवस आठवले की मला अजून भरून येतं.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. माझी दहावी झाली होती. काका सिंगापूरला नोकरीला, त्यांच्याकडे उतरायचं होतं. बिल्डिंगमधून पहिल्यांदाच कोणी परदेशी निघालेलं, त्यामुळे सल्ले द्यायला अख्खी बिल्डिंग हजर. तळमजल्यावरचे आजोबा म्हणाले, नोटा बुटात ठेवा. समोरच्या काकू म्हणाल्या, परकराला आतून खिसा शिवा, माझी बहीण मस्कतला तशीच गेली. बाबांचा कशावरच भरवसा नव्हता. कारखान्यात स्टोअर सांभाळणारा माणूस, घराचं कुलूपसुद्धा दोनदा ओढून बघायचा.

शेवटी त्यांनी निकाल दिला. थोडी रोकड परकराच्या खिशात, बाकी सगळे ट्रॅव्हलर्स चेक. जेवताना आम्हाला धडाच दिला त्यांनी. एक सही इथे बँकेत करायची. दुसरी तिकडे, पैसे देणाऱ्याच्या डोळ्यांदेखत. दोन्ही जुळल्या तरच पैसे, म्हणजे चोराने पळवले तरी त्याच्या काही कामाचे नाहीत.

"आणि सगळे माझ्या एकट्याच्या नावावर नकोत," ते म्हणाले. "पाच तुझ्या नावावर."

आई वाढता वाढता थांबली. "माझ्या? अहो, मला कुठे सही येते?"

खोटं नव्हतं ते. कोकणातल्या शाळेत सातवी झालेली, अक्षर सुरेख. पण लग्नानंतर सही मागितली कोणी तिच्याकडे? रेशनकार्ड, वीजबिल, माझं प्रगतिपुस्तक, सगळीकडे बाबा. पासपोर्टच्या फॉर्मवरसुद्धा बाबांनी शेजारी बसून एकेक अक्षर सांगितलं होतं. आता ती माझ्या जुन्या वह्यांच्या मागच्या पानांवर गिरवायला बसली. कुकरच्या शिट्ट्या मोजता मोजता सही. मी चिडवायचे, "काय गं, बाईंनी शिक्षा केली का शंभर वेळा लिहायची?"

"गप गं. चुकले तर तुझे बाबा मला तिथेच सोडून येतील."

शनिवारी फोर्टातल्या बँकेत गेलो. काउंटरवरचा साहेब घाईत होता. "आटपा बाई, बंद करायची वेळ झाली." आईने पदर खोचला, पेन धरलं आणि पाची चेकवर सह्या केल्या. त्याने नीट पाहिलंही नाही.

घरी आल्यावर बाबांनी पंखा बंद करून चेक पलंगावर मांडले आणि ओरडले, "वाट लागली! अगं, हे काय करून ठेवलंस?"

मी वाकून पाहिलं. चार चेकवर आईचं नाव होतं. पहिल्यावर भलतंच कोणाचं तरी. नाव आत्याचं, आडनाव मामांचं. अक्षर मात्र आईचं.

"ही कोण?" मी विचारलं.

"मीच," आई म्हणाली.

सोळा वर्षांची घोडी मी, आणि मला माहीत नव्हतं! मामा तिला ताई म्हणायचे, आजोळची आजी 'बाय' म्हणायची. आईचं माहेरचं नाव नेमकं आत्याचंच होतं. एका घरात एका नावाच्या दोघी नकोत, म्हणून लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीने नवं नाव लिहिलं गेलं. त्या दिवसापासून जुनं संपलं. बाबा तर तिला "अगं" म्हणायचे, त्यांना दोन्हींची गरज नव्हती.

"घाबरले हो मी," आई म्हणाली. "पेन टेकवलं आणि शाळेतलंच नाव आलं."

सोमवारी पहाटे विमान होतं. बाबा म्हणाले, "पासपोर्टवर नाव दुसरं. हा चेक गेला समज. परत आल्यावर बघू."

"गेला कसा? सही मी केलीय. तो माझा आहे." एवढं ताठ बोलताना मी तिला कधी ऐकलं नव्हतं. तिने तो चेक वेगळा घडी करून परकराच्या खिशात ठेवला.

सिंगापुरात आठवडाभर त्याचा विषय कोणी काढला नाही. शेवटच्या दुपारी आई एका पैसे बदलणाऱ्याच्या दुकानासमोर थांबली. बाबा म्हणाले, "फसवणूक समजून पोलिसांना बोलावतील. मी यात नाही," आणि खरंच चार पावलं लांब जाऊन उभे राहिले. मी आईच्या मागोमाग आत शिरले.

आत एक म्हातारे तमिळ गृहस्थ होते. त्यांनी चेक पाहिला, पासपोर्ट उघडून फोटो पाहिला, आईकडे पाहिलं आणि पेन पुढे केलं. तिचा हात जराही अडखळला नाही. काना, मात्रा, वेलांटी, सगळं वरच्यासारखं. त्यांना आपलं अक्षर वाचता येत नव्हतं. एक बोट वरच्या सहीवर, एक खालच्या, असं ठेवून दोन चित्रं जुळवावीत तसं त्यांनी पाहिलं. बराच वेळ. मग पावतीपुस्तक ओढलं.

"नेम?"

आईची नजर पासपोर्टवरून चेकवर गेली. पासपोर्टवरचं सांगावं की चेकवरचं? तिने एकदा माझ्याकडे पाहिलं. तिचे डोळे भरले होते.

तेवढ्यात मागून बाबांचा आवाज आला. ते कधी जवळ आले मला कळलंच नाही. त्यांनी सांगितलं ते आईचं जुनं नाव, मोठ्याने, स्पष्ट. इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून ते आईसाठी पहिल्यांदा.

त्यांनी ते दुकानदाराला सांगितलं होतं. पण आई गर्रकन वळली आणि कोणी हाक मारल्यावर देतात तशी तिने 'ओ' दिली.